काड्या काढा

पाबळच्या चौकात विहिरीवरच्या पंपांच्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या कुशाबाईच्या दुकानात आषाढात एकोणीस जळक्या मोटारी आल्या. त्यातल्या नऊ तिनंच भरलेल्या. "बाईचं वायंडिंग कच्चं," असं लोक बोलू लागले, आणि बावीस वर्षं हात काळे केलेल्या बाईच्या ते काळजाला लागलं.

खरं कारण तिला ठाऊक होतं. वारं उठलं, की डोंगरावरच्या पवनचक्क्या लाइनीला जोडल्या जात आणि गावाचं व्होल्टेज खाली बसे. हे व्होल्टेज सावरून धरणाऱ्या, पवनचक्की कंपनीच्या कपॅसिटरच्या पेट्या दिवाळीपासून बंद होत्या. कंपनीच्याच वायरमननं चहा पिताना हे सांगितलं होतं.

ग्रामपंचायतीत गावानं जाब विचारला, तेव्हा कंपनीचा साहेब हसला. "तुम्ही स्टार्टरमध्ये काडी खोचता, म्हणून व्होल्टेज पडलं तरी मोटार बंद होत नाही आणि जळते. यात आमचं काय चुकलं?"

काडी नाही असा स्टार्टर शिवारात नव्हताच.

"व्हय, निम्म्या काड्या म्याच खोचल्यात," कुशाबाई उठून म्हणाली. "चुकलं माझं. आता आजच्या आज सगळ्या काढायच्या."

"आन् तरकारीला पाणी?" सरपंच हौसरावांनी विचारलं.

"मोटारी बंद पडतील, आबा, पर जळणार न्हाईत. काडीबिगर जळली तर फुकट भरून दीन. काडी ठेवली त्यानं माझ्या दारात यायचं न्हाई. साहेब, शुक्रवारी तुमीबी बघाया या."

गाव कुरकुरलं, पण दुसरं दुकान लांब होतं. काड्या निघाल्या.

शुक्रवारी दुपारी हौसरावांच्या बांधावर सगळे जमले. पन्नासेक मोटारी चालू होत्या. वारं वाढलं, पाती फिरू लागली आणि ठक्‌! हौसरावांची मोटार बंद. मग शेजारची, मग पलीकडची. पाहता पाहता शिवार गप्प झालं.

"योगायोग," साहेब म्हणाला.

"मग थांबा." तिनं मोटारी पुन्हा चालू करायला लावल्या. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पन्नास मोटारी एकदम बंद पडल्या, तसा लाइनीवरचा भार गेला, व्होल्टेज ताडकन वर उसळलं आणि त्या उसळीनं डोंगरावरच्या पवनचक्क्याही बंद पडल्या.

साहेबाचा फोन वाजला. पलीकडून वरिष्ठ ओरडत होते, ते बांधावर सगळ्यांना ऐकू येत होतं. साहेबाचा चेहरा उतरला.

"बाई, तेवढ्या काड्या परत लावा. आमचं वीज उत्पादन बुडतंय. आठ दिवसांत पेट्या दुरुस्त करतो."

कुशाबाईला मनापासून आनंद झाला, आणि तो तिनं लपवला नाही. "आधी ह्या लोकांम्होरं सांगा, मोटारी कशानं जळल्या?"

"व्होल्टेजनं," साहेब पुटपुटला.

"वायंडिंगनं न्हाई?"

"नाही."

"मग दुरुस्त करा पेट्या. तवर एकबी काडी लागणार न्हाई, तुमच्या चक्क्या रोज बंद पडल्या तरी." ती हौसरावांकडं वळली. "आबा, दाबा बटण."