जाऊबाईंच्या स्क्रीनवर

"आईच्या कानावर यातलं काही जाऊ देऊ नकोस. विचारलंच तर कंपनीच्या कामाला गेलोय म्हण," आमचे हे निघताना दारात बजावून गेले, त्याला आज चौथा दिवस. परगावच्या इस्पितळात उद्या सकाळी त्यांच्या पोटातली गाठ काढायची होती. सोबतीला त्यांचा मित्र. घरात माझ्याशिवाय कुणालाच पत्ता नव्हता.

आणि नेमक्या आज थोरल्या जाऊबाई लॅपटॉप काखोटीला मारून आल्या. गेलेल्या मामंजींचे फोटो आणि व्हिडिओ त्यांना हवे होते. पेनड्राइव्हवर एवढं मावेना, म्हणून दोन्ही लॅपटॉप टेबलावर शेजारी ठेवून मी मध्ये नेटवर्कची केबल लावली. फोटोंचं फोल्डर शेअर केलं, तर त्यांच्या स्क्रीनवर 'परवानगी नाही'.

"घरची थोरली सून मी, आणि तुझा कॉम्प्युटर मला दारातच उभं करतोय!" त्या हसल्या.

दोनदा करून पाहिलं, जमेना. शेवटी घाईघाईत मी अख्खी ड्राइव्हच सगळ्यांसाठी उघडी केली. केबलपाशी हिरवा दिवा लुकलुकू लागला. फोटो जाऊ लागले.

मग आठवलं. फोटोंच्या खालीच यांच्या तपासण्यांचं फोल्डर होतं, यांच्या नावाचं. मीच ठेवलेलं. केबल उपटावी, तर त्या विचारतील, का गं? देवाचं नाव घ्यायला लागले, तेही मध्येच तुटत होतं.

"ताई, चहा टाकते. चला ना स्वयंपाकघरात."

"तू टाक गं. मी बसते इथंच. हे बघ, मामंजी सायकलवर! ऐट बघ कशी!"

पाण्याला आधण आलं आणि बाहेरची बडबड थांबली. जाऊबाई अशा गप्प झालेल्या मी सोळा वर्षांत पाहिल्या नव्हत्या.

कप घेऊन बाहेर आले. त्यांच्या स्क्रीनवर रिपोर्ट उघडा होता.

"ऑपरेशन उद्याच?"

मी मान हलवली.

"आणि तू चार दिवस एकटीच हे गिळून बसलीस?"

"ताई, आईंना सांगू नका. यांनी बजावलंय. त्यांना झेपायचं नाही."

"मी नाही सांगणार." त्यांनी माझा हात धरला. "पण उद्या काही कमीजास्त झालं, तर? लेकासाठी देवापुढे बसायचं राहून गेलं, हे त्यांना झेपेल? तू सांग. आत्ता. शब्द दे मला."

"सांगते," मी म्हणाले.

आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "कोण आलंय गं? त्याचा फोन आला का?"

फोटो अजून जातच होते. जाऊबाईंनी एक कप माझ्या हातात दिला. तो दोन्ही हातांनी धरून, सांडू न देता, मी आतल्या खोलीकडे निघाले.