शाईखाऊ म्हणून बदनाम झालेला मी

मी एक जुना फोटो छापायचा प्रिंटर आहे आणि अजून चालतो. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण मला बघणारा पहिला प्रश्न हाच विचारतो की हा अजून भंगारात कसा गेला नाही. नाही गेलो. जाणारही नाही.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथले मला काही आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेतल्या एका घरात, माझे खोके उघडले गेले तेव्हापासून. मला रोशनीने आणले. तिचा नवरा नागसेन सेलूच्या एका शाळेत शिक्षक. सासू जिजाबाई यांनी उमेदीची वीस वर्षे सूत रंगवण्याच्या कामात घालवली होती. रोशनी घरीच लोकांचे फोटो काढायची आणि मी ते छापायचो. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. मी छापलेल्या फोटोत शेजारच्या कमलाबाईंच्या नथीचा खडासुद्धा दिसतो, असे गल्लीत बोलले जाई. मला थोडा गर्व झाला होता, खोटे कशाला बोलू?

मग माझी शाई भराभर संपू लागली. माझ्या शाईची डबी, जिला कार्ट्रिज म्हणतात, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. दोन डब्यांच्या किमतीत जवळजवळ माझ्यासारखा नवा प्रिंटर येतो. रोशनीने फोटो कमी केले, तरी शाई संपायचीच. घरात माझे नाव 'शाईखाऊ' पडले.

खरा प्रकार मला ठाऊक होता, पण सांगणार कसा? जिजाबाईंना घरातले एकही बटण उगाच चालू राहिलेले खपत नसे. "लाइट काय फुकट येते का?" असे म्हणत त्या येता-जाता भिंतीवरची सगळी बटणे खटाखट बंद करत. पंख्याचे त्याने काही बिघडत नाही. माझे बिघडते. माझ्या अंगावरच्या बटणाने मला बंद केले, तर मी शाईचे तोंड झाकून नीट झोपतो. भिंतीवरून वीज तोडली, तर ते उघडेच राहते. पुन्हा वीज आली की मला ते धुवावे लागते, आणि मी ते पाण्याने नाही, शाईने धुतो. दिवसातून चार-पाच वेळा हेच चाले. वीज पैशांची वाचत होती, शाई रुपयांची जात होती, आणि शिव्या मी खात होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी!

पुढे तर शाई वाचवायची म्हणून रोशनीने मला महिनाभर हातच लावला नाही. तो महिना मे होता. वर्ध्याच्या उन्हाळ्यात माठातले पाणी आटते, तिथे माझ्या तोंडातली शाई काय टिकणार? जूनमध्ये बचत गटाच्या सपनाताईंनी तीस बायांच्या ओळखपत्रांचे फोटो सांगितले. पहिल्याच फोटोत मी बाईच्या चेहऱ्यावर पांढरे पट्टे ओढले. दुरुस्तीवाल्याने मला उघडूनही पाहिले नाही. "नवीन घ्या," एवढेच म्हणाला. मला राग आला. आजही येतो.

नागसेन म्हणाला, "सोमवारी फोटो द्यायचे हायेत ना? तोवर चालला तं ठीक, नाईतं भंगारवाल्याले देऊन टाकू."

रविवारी रोशनीने माझ्या मॉडेलला चालणाऱ्या सुट्या शाईच्या बाटल्या आणि एक सिरिंज आणली. आधी ती डबीचे वाळलेले तोंड पिनेने खरवडायला निघाली, तेव्हा जिजाबाईंनी तिचा हात धरला.

"जोर नोको लावू. वाळलेला रंग जोरानं निंगत नाई, कोमट पान्यानं निंगते. अन् बोरिंगचं पानी नोको घेऊ, त्यानं क्षार बसते. फिल्टरचं घे."

ओल्या फडक्यावर डबी तासभर ठेवली. हळूहळू फडक्यावर निळा, मग गुलाबी डाग उतरला. तोवर जिजाबाई माझे पोट पुसत होत्या. तळाशी त्यांना माझी धुण्याची शाई टिपून घेणारा एक जाड बोळा दिसला. तो रंगाने थबथबलेला होता.

"एवढा रंग कोन पेला वं?"

रोशनीने माझे माहितीपुस्तक शोधून काढले, वाचले आणि भिंतीवरच्या बटणाचा सगळा प्रकार सांगितला. जिजाबाई खाली बसल्या. जन्मभर रंगाचा थेंब वाया जाऊ न देणारी बाई ती.

"मंग मीच पेली म्हना," त्या हळूच म्हणाल्या.

त्यांनीच सिरिंज हातात घेतली आणि एक थेंब न सांडता डब्या भरल्या. संध्याकाळपर्यंत मी तीस बाया छापल्या. एकीच्याही चेहऱ्यावर पट्टा नव्हता.

सोमवारी भंगारवाला दारात आला. नागसेनने त्याला आधीच सांगून ठेवले होते. तो थेट माझ्याकडे आला, तशा जिजाबाई मध्ये उभ्या राहिल्या.

"त्याले हात नोको लावू. तो कामावर हाय."

मित्रांनो, एखादी वस्तू अडली की न उघडताच 'नवीन घ्या' म्हणणारे खूप भेटतील. त्यांचे ऐकू नका. आधी तिला उघडा, पुसा, आणि आपल्या हातून काय चुकले तेही बघा. एवढे करून ती खरेच संपली असेल, तर खुशाल भंगारात द्या. मीही तक्रार करणार नाही. पण मी संपलोय की नाही, हे मला उघडून न पाहणाऱ्याने ठरवायचे नाही.