कडीची बाजू

आमच्यात आखायचं काम यांचं आणि फोडायचं माझं. पंचवीस वर्षं हेच चाललंय. हे भिंतीवर निळ्या पेन्सिलीने चौकोन काढतात, आत फुली मारतात, आणि त्या चौकोनात विजेच्या बटणांची पेटी बसेल एवढा खड्डा मी करते. लोक यांना मिस्तरी म्हणतात. मला काही म्हणत नाहीत, नुसतं बघत राहतात.

गेल्या महिन्यापर्यंत मी छिन्नी-हातोड्यानेच फोडत होते. एका पेटीला अर्धा तास, आणि संध्याकाळी मनगट कामातून गेलेलं. शेवटी हट्टाने ड्रिलला लावायचा चौकोनी कटर आणला. मधे भोक पाडायचं, त्यावर दातेरी चौकट टेकवायची आणि ड्रिल दाबून धरायचं. दोन मिनिटांत विटेत कसा सुबक चौकोन. यांनी नाक मुरडलं. एवढी घाई कशाला, म्हणाले, भिंत काय पळून जाते?

त्यावरून काल आमचं चांगलंच वाजलं. म्हणून आज सकाळी चहा देताना दोनदा हाक मारली तरी यांनी मान वळवली नाही, तेव्हा मला वाटलं, रुसलेत. दाढीही अर्धीच केली होती, डावा गाल तसाच. राग माझ्यावर आहे की गालावर, असं मी विचारलं. यांनी उजव्या गालावरून हात फिरवला आणि केली की दाढी, म्हणाले. मीही मग तोंडाला कुलूप लावलं.

काम होतं एका शाळेतल्या बाईंच्या नव्या घरात. बारा वाजता बाई बघायला येणार होत्या आणि उद्या गिलावा. दारं अजून बसायची होती, नुसत्या चौकटी उभ्या होत्या. हे पुढे आखत गेले, मी मागून फोडत गेले, डोळ्यांवर चष्मा, तोंडाला फडकं. पाच खोल्या, पाच पेट्या. दहा वाजायच्या आत सगळं उरकलं, म्हणून मी स्वतःवरच खूश होते.

फडकं सोडून पाणी प्यायले आणि शेवटच्या चौकटीकडे लक्ष गेलं. बिजागऱ्यांच्या खाचा उजवीकडे होत्या. पेटीही उजवीकडे. म्हणजे दार उघडलं की बटणं दाराच्या पाठीमागे. पेटी नेहमी कडीच्या बाजूला घ्यायची, हे तर काल कामाला लागलेल्यालाही कळतं. मी उठून बाकीच्या खोल्या बघितल्या. दोन बरोबर, तीन चूक. पाचही पेट्या चौकटीच्या उजव्या हाताला.

माझं डोकंच चालेना. आधी वाटलं, मीच कुठेतरी उलटं फोडलं. पण निळ्या रेघा खड्ड्यांच्या कडेला शाबूत होत्या. मग वाटलं, यांनी मुद्दाम केलं. माझ्या यंत्राची बाईंसमोर फजिती व्हावी म्हणून. छिन्नी असती तर मी अर्धा तास त्या चौकटीकडे तोंड करून बसले असते, खाचा दिसल्याच असत्या. हे यांना पक्कं ठाऊक होतं. असा संताप आला की ड्रिल तिथेच आपटावंसं वाटलं.

तावातावाने हॉलमध्ये गेले. हे दिव्यासाठी भिंतीचा मध्य काढत होते. टेप न लावता, नुसत्या नजरेने भिंतीचा मध्य काढणारा यांच्यासारखा माणूस मी पाहिलेला नाही. फुली मारून हे समाधानाने मागे सरकले. फुली पार उजव्या कोपऱ्याजवळ होती.

मी टेप लावला. भिंत अकरा फूट, फुली डावीकडून आठवर.

"हे मधोमध आहे?" मी विचारलं.

"मग काय! मोजायचं कशाला?" आवाजात राग नव्हता, थट्टा नव्हती. रुसलेल्या माणसाचा तो आवाज नव्हताच.

मला काहीच समजेना. मी यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि जरा टेप धरा म्हणाले. टेपचं टोक यांच्या डाव्या हाताला टेकवलं. हे उजवीकडे बघू लागले. मग दाराकडे. मग पुन्हा उजवीकडे.

"अगं, कुठे गेलीस?"

मी हातभर अंतरावर होते. दाढी न केलेला गाल माझ्यासमोर होता. सकाळची हाक मी याच बाजूने मारली होती. मी यांच्या मागून फिरून उजवीकडे गेले.

"इथेच आहे."

मला बघून यांचा चेहरा खुलला. "मला वाटलं, रागावून निघून गेलीस."

यांना मी सिमेंटच्या पोत्यावर बसवलं आणि बाईंना फोन लावला. पेट्यांचं नंतर बघू, आधी गाडी घेऊन या, यांना दवाखान्यात न्यायचंय, एवढंच सांगितलं. कशासाठी, विचारलं त्यांनी. यांना अर्धंच दिसतंय, डावीकडचं काही कळतच नाही, एवढंच मला सांगता आलं. मग मी यांचा डावा हात दोन्ही हातांत घट्ट धरून बसले. मला भीती वाटत होती, आणि सकाळपासून धरलेल्या अबोल्याची लाज वाटत होती.

हे भिंतीकडे बघत होते.

"आलीय ना मधोमध?"

पंचवीस वर्षांत यांचं कुठलंही माप मी वाद घातल्याशिवाय मान्य केलेलं नाही.

"आलीय," मी म्हटलं.