बावचीची बाटली

तपासल्याशिवाय दगडाबाईचा कशावर विश्वास बसत नसे. उमरग्याजवळच्या त्या गावात, दूध सोसायटीत रोज पहाटे साठ घरांचं दूध तपासून तो तिचा स्वभावच झाला होता म्हणा ना. पाणी घातलेलं दूध तोंडावर परत करणारी बाई ती. अशा बाईला गावात मैत्रिणी कमीच असायच्या.

त्यात तिच्या उजव्या हातावर कोड उठलं. रुपयाएवढा पांढरा डाग. झालं, कुजबुज सुरू. चेअरमन आबाराव माणूस वाईट नव्हता, पण मतांवर जगणारा. "दसऱ्यापतूर डाग घालव दगडाबाई," तो म्हणाला, "न्हायतर तुझ्या जागी दुसरी बघावी लागंल." नवरा वारलेला, पदरात एक लेक, दुष्काळानं रान पडीक. ती जागा गेली तर चूल पेटायची नाही.

उमरग्याचे नागप्पा वैद्य कोडावर बावचीच्या बियांचं तेल द्यायचे. तेल लावायचं आणि सकाळच्या उन्हात पाच मिनिटं हात धरून बसायचं. तेलाला ऊन भेटलं तरच कातडीला रंग येतो म्हणे. पाऊस रुसला होता, ऊन काय, मागाल तेवढं. पहिल्या बाटलीनं डाग तांबूस झाला, मधे तिळाएवढे दोन काळे ठिपकेही उमटले. दगडाबाई हरखली. दुसरी बाटली आणली आणि सगळं थांबलं. महिना गेला, डाग कोराच.

"दगडाव्वा, तू पथ्य मोडतीस," वैद्य म्हणाले. "आंबट खाल्लं असशील."

तिनं आंबट चाखलंसुद्धा नव्हतं. अपमान गिळून ती घरी आली. पहिल्या बाटलीच्या तळाशी थोडं तेल उरलं होतं. तिनं डागाच्या एका टोकाला ते लावलं, दुसऱ्या टोकाला नवं. हात तोच, ऊन तेच, पथ्यही तेच. दोन दिवसांनी जुन्या तेलाची बाजू तांबूस झाली, नव्याची ढिम्म.

मग फरक कशात? आठवून आठवून तिला सापडलं. पहिली बाटली वैद्यांनी आतल्या अंधाऱ्या खोलीत, नुकतं कढवलेलं तेल भरून दिली होती. दुसरी दारातल्या फळीवर उन्हात ठेवलेली, पांढऱ्या काचेची. लोणचं मुरतं, गुलकंद मुरतो, तसं औषधही उन्हात मुरून कडक होतं, हा वैद्यांच्या घरचा जुना रिवाज. तिनं पहिल्या बाटलीच्या उरलेल्या तेलातलं अर्धं काचेच्या शिशीत घालून माळवदावर उन्हात ठेवलं, अर्धं ज्वारीच्या कणगीत पुरलं. आठवड्यानं दोन्ही लावून बघितली. कणगीतल्यानं कातडी तांबडी केली. माळवदावरचं मेलेलं होतं.

ती थेट उमरग्याला गेली, दसऱ्याची मुदत सांगितली आणि वैद्यांपुढं हात धरला. "वैद्यबुवा, ऊन ह्या तेलाला एकदाच भेटतंय. बाटलीतच भेटलं, तर कातडीवर काय उरंल?"

नागप्पांनी चष्मा लावून हात पाहिला. मग म्हणाले, "फळीवरनं किती जणांना दिलं असंल म्या. आणि पथ्यावरनं त्यांनाच बोललो." त्यांनी स्वतः उठून सगळ्या बाटल्या आत नेल्या आणि तिला ताजं तेल दिलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सोसायटीची बैठक बसली. डाग अजून होताच. तेवढ्यात एस्टीनं नागप्पा येऊन उभे. कुणी बोलावलं नव्हतं.

"बाईचं काय चुकलं न्हाय, माझं तेल मेलेलं होतं. आता सहा महिने लागतील."

"तवर लोकांना काय सांगू?" आबाराव म्हणाला. "दुसऱ्याला लागलं तर?"

नागप्पांनी दोन्ही तळवे त्याच्यापुढं धरले. "चाळीस वर्षं ह्या हातांनी लोकांच्या कोडावर तेल चोळतोय. शोध डाग."

आबारावानं खरंच शोधला, हात उलटेसुलटे करून. "मग आजवर सांगितलं का न्हाय तुमी?"

"इचारलं कुणी?"

"सकाळी येळंवर ये, दगडाबाई," आबाराव खालमानेनं म्हणाला.

तिला हायसं वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. सगळं तपासणाऱ्या बाईनं कोड शिवल्यानं लागतं, एवढीच गोष्ट न तपासता खरी मानली होती. चार महिने तिनं लेकीला जवळ घेतलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिनं तिला पुढ्यात बसवून वेणी घातली.