पाणी चाखणाऱ्या बाईची साठी

सहाच्या सहा ग्लास मी नापास केले, आणि तेही सहीनिशी.

गळ्यात ओळखपत्र अडकवलेली वाइनरीतली मुलगी सगळ्यांचे कागद गोळा करत माझ्यापाशी आली. तिने माझा कागद वाचला, मागे काही लिहिलंय का ते उलटून पाहिलं आणि पुन्हा वाचला. लांबलचक लाकडी टेबलाभोवती आम्ही सात-आठ जण बसलो होतो. बाकीच्यांनी लिहिलं होतं, पिकलेलं फळ, मध, लिंबाची साल, असलं काहीबाही. माझ्या कागदावर सहा ओळी होत्या आणि सहाही सारख्या. वास : आहे. चव : आहे. शेरा : अयोग्य. खाली सही आणि तारीख.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "एकही नाही आवडली का?"

"तसं नाही गं. हात आपोआप चालला." मला घाम फुटला होता. "चौतीस वर्षांची सवय आहे."

"कसली?"

"मी पाणी चाखते. म्हणजे, चाखायचे."

टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. समोर गोल टोपी घातलेले एक गृहस्थ होते. त्यांना वाइनमधलं सगळं कळत होतं आणि आल्यापासून ते आम्हालाही कळावं म्हणून झटत होते. मनातल्या मनात मी त्यांचं नाव जाणकार ठेवून टाकलं होतं.

"पाण्याला कसली आलीय चव?" जाणकार म्हणाले.

"नसतेच," मी म्हटलं. "असली की आमची पळापळ."

आमचं काम सांगितलं की लोकांना गंमत वाटते. मी शहराच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होते. यंत्रं होती, नव्हती असं नाही; पण काही वास असे असतात की ते आधी नाकाला कळतात आणि मग यंत्राला. सकाळी साडेसहाला शहरातल्या अकरा ठिकाणांहून अकरा बाटल्या यायच्या. त्या कोमट पाण्याच्या टबात ठेवायच्या, म्हणजे वास दडून बसत नाही. मग बूच काढून हुंगायचं, एक घोट घ्यायचा, पंधरा आकडे मोजेपर्यंत जिभेवर धरायचा आणि थुंकायचा. गिळायचा नाही. वास : नाही. चव : नाही. शेरा : योग्य. हे अकरा वेळा लिहून झालं की माझा जीव भांड्यात पडायचा आणि शहर खुशाल पाणी प्यायचं. कुणाला माझं नावही माहीत नव्हतं, आणि ते बरंच होतं. पाण्यावरून नाव निघालं असतं तर शिव्या देण्यासाठीच निघालं असतं.

या कामाला जीभ कोरी लागते. कांदा नाही, लसूण नाही, दुपारपर्यंत चहा नाही, वासाचा साबण नाही, पावडर नाही. माझ्याबरोबर घरानेही हे सगळं सोडलं. ह्यांना केसांना सुवासिक तेल लावायची भारी हौस. लग्नानंतर आठच दिवसांनी मी सहज म्हणून गेले, "आज नमुना हुंगताना तुमच्या तेलाचा वास येत होता हो." ह्यांनी ती बाटली शेजाऱ्यांना देऊन टाकली आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाही. लेक लहानपणी मैत्रिणीकडून लसूण घातलेलं काही खाऊन आली की तोंडावर हात धरून दारातच उभी राहायची. तेव्हा मला तिच्या शहाणपणाचं कौतुक वाटायचं. आता नाही वाटत.

मागच्या महिन्यात मी निवृत्त झाले आणि साठावा वाढदिवस तोंडावर आला. लेकीने विचारलं, "आई, तुझ्या साठीला काय करू या? तुला काय आवडेल?"

"काहीही चालेल."

"मोठं जेवण करायचं? की कुठे फिरायला जाऊ या? की एखादा दागिना?"

"तुम्हीच ठरवा. मला काहीही चालेल."

लेक तशी शांत आहे, पण त्या दिवशी तिचं डोकं फिरलं. "मी एवढीशी होते तेव्हापासून तू हेच सांगतेयस. तुला आवडणारी एक गोष्ट सांग मला. खायची, प्यायची, बघायची, कसलीही. फक्त एक."

खरं सांगते, एकही गोष्ट सुचेना. कशात काय कमी आहे, कशात काय जास्त झालंय, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. आपल्याला काय आवडतं ते मात्र मला ठाऊक नव्हतं. साठीला आलेल्या बाईला एवढं साधं सांगता येऊ नये याची मला इतकी लाज वाटली, की मी उठून घासलेली भांडी पुन्हा घासत बसले.

दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं, की वाढदिवसाला मी द्राक्षमळ्यांच्या भागात जाणार. दोन दिवस, एकटी. लोक निव्वळ चवीसाठी लांबलांबून तिथे येतात, तर तिथे तरी माझी आवड मला सापडेल.

"एकटी कशाला? आम्ही येतो ना," लेक म्हणाली.

"तुम्ही आलात की मी तुमचे ग्लास तपासत बसेन."

ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. "जाऊ दे गं तिला. दोन दिवस मी घरात निवांत कांदा चिरेन."

"आता रोज चिरा की. मी निवृत्त झालेय."

"झालीयस खरी. पण तू समोर असलीस की अजून माझा हात थरथरतो."

तर अशी मी आले होते, आणि पहिल्याच टेबलावर सहा नापास करून बसले होते.

"मी नवा कागद देते," ओळखपत्रवाली मुलगी म्हणाली. फार गुणी पोर होती, एकदाही हसली नाही. "आणि मॅडम, गिळलं तरी चालतं बरं का."

मी नवा कागद पुढ्यात ओढला. तोवर जाणकारांनी चौथा ग्लास उजेडात धरला होता. "या चौथ्या ग्लासात," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पावसात भिजलेल्या जंगलाचा गंध आहे. हा सगळ्यांना सापडत नाही."

मी चौथा ग्लास पुन्हा नाकाशी नेला. तो वास मी ओळखत होते. बारा वर्षांपूर्वी तोच वास एका बाटलीत आला म्हणून मी अर्ध्या शहराचं पाणी दोन दिवस बंद ठेवायला लावलं होतं. आमचे साहेब माझ्यावर डाफरले होते, आणि नंतर एका टाकीच्या तळाशी घाण सापडली तेव्हा तेच माझ्या शेऱ्याखाली मुकाट्याने सही करून गेले होते.

गप्प बसायला हवं होतं. पण नाक आलं की जीभ आलीच.

"जंगल नाही हे," मी म्हटलं. "ओला पुठ्ठा आहे. बंद गोदामात कुजत पडलेला. ही बाटली बाद आहे."

लहान मुलाकडे बघून हसावं तसे जाणकार हसले. "बाई, वाइनला पाण्याची मापं लावून कसं चालेल?"

"मापं नाही लावत. नाकाला आलं ते सांगतेय."

पोर बिचारी कानकोंडी झाली. आत गेली आणि एका बाईंना घेऊन आली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कोपरापर्यंत ओले हात, पन्नाशीच्या आतबाहेरच्या. इथली वाइन त्याच बनवायच्या, असं पोरीने सांगितलं. त्या बूटवाल्या बाईंनी माझा चौथा ग्लास हुंगला, मग बाटलीचं तोंड, मग टेबलावर पडलेलं बूच.

"बूच खराब निघालं," त्या म्हणाल्या. "त्याचा वास बाटलीभर लागलाय. माफ करा हं सगळ्यांनी."

जाणकारांनी आपला चौथा ग्लास हलकेच बाजूला सारला. "मला शंका आलीच होती," ते म्हणाले.

बूटवाल्या बाई माझ्याकडे बघत होत्या. "थोडा वेळ आहे का तुम्हाला?"

त्यांनी मला तळघरात नेलं. गार, अंधारलेलं, आणि दोन्ही बाजूंना चार-चार लाकडी पिंपं. काचेच्या नळीने त्या एकेका पिंपातली वाइन काढून माझ्या ग्लासात सोडायच्या, मी हुंगायची, घोट घ्यायची, पंधरा मोजायची, थुंकायची.

"याचं झाकण नीट बसत नाहीये. आंबट चाललीय."

"हो?" त्यांनी पिंपावर खडूने खूण केली.

"याला लोखंडाची चव येतेय. पिंप भरायची नळी बदललीत का?"

"मागच्याच आठवड्यात. तुम्हाला कसं कळलं?"

"जीभ सांगते. ही सहावी मात्र स्वच्छ आहे, बोट ठेवायला जागा नाही. आणि ही सातवी... कडवट आहे, तुरट आहे, वर गढूळ. तीन दोष."

त्यांनी सातव्या पिंपावर तीन रेघा ओढल्या. माझा आनंद काय सांगू. महिनाभर मी घरात बेकार जीभ घेऊन हिंडत होते. इथे कुणीतरी माझं बोलणं खडूने लिहून घेत होतं. तास कसा गेला ते कळलंही नाही. मग लेकीचा फोन आला.

"आई, काय करतेयस?"

"काम."

"कसलं काम? आज वाढदिवस आहे ना तुझा?"

"हो गं. ठेवते मी."

फोन ठेवला, पण तिचं बोलणं लागलं. एवढ्या लांब येऊन मी पुन्हा तपासणीलाच उभी होते.

"वाढदिवस आहे तुमचा?" बूटवाल्या बाईंनी विचारलं.

"साठावा."

त्यांनी खडू खिशात टाकला. "मग दोष राहू द्या आता. या आठांतली तुम्हाला आवडली कोणती?"

घरून निघताना जो प्रश्न पाठीशी लागला होता, तो इथे तळघरात येऊन पुढ्यात उभा राहिला.

"सहावी सगळ्यात निर्दोष आहे," मी म्हटलं.

"ते नाही विचारलं मी."

सहावी आवडली असं ठोकून दिलं असतं तर त्या खूश झाल्या असत्या आणि मीही सुटले असते. जिभेच्या टोकावर तर 'कोणतीही चालेल' येऊन बसलं होतं. मी ते कसंबसं मागे रेटलं.

"मला नाही माहीत," मी म्हटलं. "मी अजून एकही गिळलेली नाही."

त्या हसल्या नाहीत. "मग प्या सावकाश. मी तोवर नळ्या धुऊन येते." काचेची नळी माझ्या हातात देऊन त्या जिना चढून गेल्या.

मी एकटी उरले. पहिल्या पिंपातली थोडी घेतली आणि गिळली. घसा कोमट झाला. बरी होती. दुसरी, तिसरीही बरी. सहावी गिळली; सरळ, नीटनेटकी, आमच्या साहेबांच्या केसांतल्या भांगासारखी. घोट संपला आणि तीही संपली. मला काही तिची आठवण आली नाही.

मग सातवी. आधी कडवट लागली, जीभ खरखरीत झाली, आणि सगळं संपलं असं वाटलं तेव्हा मागून काहीतरी उबदार आलं आणि घशापाशी रेंगाळलं. ते काय आहे हे शोधायला मी गेले नाही. मी दुसरा घोट घेतला. आमच्यात नमुन्याचा दुसरा घोट कधीच घेत नाहीत. गरज नसते, पहिल्यातच काय ते कळतं. चौतीस वर्षांत मी कशाचाही दुसरा घोट घेतला नव्हता, आणि इथे तिसराही घेऊन मोकळी झाले. त्या तळघरात एकटीच उभी राहून मी खुळ्यासारखी हसत होते.

बाई परत आल्या. मी ग्लास पुढे केला. "सातवी."

"ती? तिच्यात तर तुम्हीच तीन दोष काढलेत."

"आहेतच. एकही खोटा नाही. पण मला आवडली." बोललेलं माझं मलाच ऐकू आलं. पुन्हा ऐकावंसं वाटलं म्हणून पुन्हा म्हटलं, "मला ही आवडली."

"ती आम्ही विकत नाही हो. घरीच पितो." त्यांनी माझा ग्लास काठोकाठ भरला. "कशामुळे आवडली?"

"ते नाही सांगता येणार."

असं उत्तर मी कागदावर लिहिलं असतं तर साहेबांनी तो तोंडावर फेकला असता. बाईंनी नुसती मान हलवली आणि मला मागच्या दाराबाहेर बाकावर नेऊन बसवलं. समोर उतारावर वेलींच्या रांगा होत्या आणि ऊन अजून कलायचं होतं. मी घरी फोन लावला. ह्यांनी उचलला.

"अहो, मला एक गोष्ट आवडली."

"अरे वा. काय?"

"एक वाइन. कडवट आहे, गढूळ आहे. विकायच्या लायकीची नाही."

"पण आवडली ना?"

"खूप."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका खूश होता की मला भरून आलं. या माणसाने माझ्या जिभेसाठी सगळं जन्मभर बिनबोभाट सोडलं, आणि मला तो नेहमी समंजस वाटत आला. पण एक साधी गोष्ट मी त्याला कधी विचारलीच नव्हती.

"अहो," मी म्हटलं, "तुम्हाला काय काय आवडतं?"

पलीकडे वर्तमानपत्राची घडी केल्याचा आवाज आला.

"कुठून सुरू करू?" ते म्हणाले.

"कुठूनही करा. मी बसलेय."

ते सुरू झाले. त्यांना बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायला आवडतं. नव्या वहीचं पहिलं पान आवडतं. इस्त्री करून आलेला गरम शर्ट लगेच अंगात घालायला आवडतो. मी झोपेत आकडे मोजते, ते ऐकायला आवडतं. मधेच ते म्हणायचे, "कंटाळलीस का?" आणि मी म्हणायची, "नाही, पुढे बोला." यातलं एकही मला ठाऊक नव्हतं. ते बोलत राहिले आणि मी एकेक घोट गिळत ऐकत राहिले. ग्लास रिकामा झाला तरी त्यांचं संपलं नव्हतं. मी फोन कानाला तसाच धरून उठले, आत गेले आणि बूटवाल्या बाईंपुढे ग्लास धरला.