बोडीकडच्या रानाचं कुलूप

मी एक कुलूप आहे, मित्रांनो. पण मला दारावर शोधू नका. मी आमच्या गावाच्या वेबसाइटवर राहतो. गाव सावली तालुक्यातलं, रानाला अगदी चिकटलेलं. चंद्रपूरला शिकून आलेल्या दीपालीनं ही वेबसाइट तयार केली आणि मला तिथं राखणीला बसवलं. रानाच्या कोणत्या भागात वाघ फिरतोय, ते पहाऱ्याची माणसं सांजेला पाहून येत. वाघ असला तर तो भाग लाल, नसला तर हिरवा. गावानं मोबाइलात रंग पाहायचा आणि मगच मोहफुलं वेचायला निघायचं. तो रंग कोणी पाहायचा आणि कोणी बदलायचा, ते सांभाळणं माझं काम.

सुरुवातीला माझं भारी कौतुक झालं. मग ग्रामसभा बसली. आमच्याकडे निर्णय सगळ्यांचा. एकानं नाही म्हटलं तरी गाडं अडतं. मुखरूभाऊ उठले.

"रान सगळ्यायचं हाये. मंग चाबी एकट्या लालसूभाऊजवळ काऊन?"

लालसूभाऊ म्हणजे पहाऱ्याचे म्होरके. त्यांनीही हो म्हटलं. माना डोलल्या आणि सगळ्यांना सगळे अधिकार मिळाले. दीपाली "थांबा, थांबा" म्हणत राहिली, पण तोवर निर्णय होऊन गेला होता. तेव्हापासून मी नावाचंच कुलूप झालो. ज्यानं बोट लावलं त्याला उघडून द्यायचं. फार मनाला लागलं ते.

यंदा चैत्रात बोडीवर, म्हणजे रानातल्या लहान तळ्यावर, वाघीण पिल्लं घेऊन उतरली. लालसूभाऊंनी तो भाग लाल केला. आता आमच्याकडे मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात. दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी वाकत नाही. मुखरूभाऊंची झाडं नेमकी बोडीकडची. फुलं गळत होती आणि चितळांच्या पोटात जात होती. त्यांचा जीव तुटायचा. उजाडल्यावर चार माणसं घेऊन, डबे वाजवत जाऊन यावं, असं त्यांनी ठरवलं. पण लाल भागात गेलं की ग्रामसभेत बोलणी बसतात. म्हणून कोणी विचारलंच तर दाखवायला, झोपण्याआधी त्यांनी आपल्या मोबाइलात बोडीकडचं रान हिरवं करून टाकलं. झाडं आपली, मोबाइल आपला, तेव्हा रंगही आपल्यापुरताच, असं त्यांना वाटलं. मला सगळं कळत होतं, पण कुलपाला कुठलं तोंड!

पहाटे गिरजाबाईंनी मोबाइल पाहिला. त्यांचीही दोन झाडं तिकडेच. हिरवा रंग दिसला, तशी टोपली उचलून त्या एकट्याच निघाल्या. मोहफुलं वेचणारं माणूस वाकून वाकून पुढं सरकतं. झुडपाआडून वाघाला ते एखाद्या जनावरासारखंच दिसतं.

उजाडताना दीपालीनं वेबसाइट उघडली आणि तिला बोडीकडचं रान हिरवं दिसलं. ती धावत लालसूभाऊंच्या अंगणात गेली. मुखरूभाऊ तिथंच माणसं जमवत होते.

"बोडीकडचं हिरवं कोनं केलं?"

"मी केलो. माह्या मोबाइलात केलो न बाई, माह्या झाडायपुरतं."

"भाऊ, ते साऱ्या गावाच्या मोबाइलात हिरवं झालं."

गिरजाबाईंची मुलगी आचल शेजारच्या अंगणात भांडी घासत होती. तिचे हात थांबले. "माही माय बोडीकडंच गेली," ती म्हणाली. तिनं फोन लावला. रानात रेंज कुठली?

डबे बडवत माणसं पळाली. दीपालीच्या हातातल्या मोबाइलातून मीही चाललो होतो. मुखरूभाऊ सगळ्यांच्या पुढं, अनवाणी. मोहाखाली टोपली पालथी पडली होती, फुलं विखुरली होती आणि ओल्या मातीत वाघिणीचं पाऊल होतं. मुखरूभाऊ टोपलीपाशी वाकले. डबे बंद पडले.

"इथी वर पाहा न, भाऊ."

धानाच्या बांधावरच्या मचाणावर गिरजाबाई बसल्या होत्या. पाण्यावर आलेली वाघीण दिसताच टोपली टाकून त्या वर चढल्या होत्या. मुखरूभाऊ तिथंच मातीत बसले आणि रडले.

त्याच दिवशी पुन्हा ग्रामसभा बसली. कोणीतरी कुरकुरलंच, "एकाले हक्क द्यायचा, मंग बाकीचे काय परके?"

गिरजाबाई म्हणाल्या, "भाकर साऱ्या घराची असते. म्हून चुलीत सारेच हात घालतात काय?"

यावर कोणी नाही म्हटलं नाही. आता रंग पाहायला सगळ्यांना मोकळीक आहे. बदलायचा हक्क मात्र ज्याची पहाऱ्याची पाळी, त्यालाच. पाळी घराघराला येते आणि संपली की तो हक्क आपोआप माझ्याकडे परत येतो. कोणी काय बदललं, तेही मी लक्षात ठेवतो. मी पुन्हा खरंखुरं कुलूप झालो आहे.

मागच्या आठवड्यात मुखरूभाऊंची पाळी होती. वाघीण अजून बोडीवरच होती आणि यंदाची शेवटची फुलं त्यांच्याच झाडांखाली गळत होती. त्यांचं बोट माझ्यावर टेकलं. बोट हक्काचं होतं, मी उघडलो. मित्रांनो, कुलपाचं काम इथंच संपतं. म्हणून सांगतो, चाबी विचार करून द्या, काम झालं की परत घ्या आणि आपल्या हाती आली तर तिच्यामागं कोणाकोणाचा जीव आहे ते आठवा.

मुखरूभाऊंनी बोडीकडचा लाल रंग पाहिला. मग त्यांनी काही न बदलता मला बंद केलं.

पहाटे गिरजाबाई त्यांच्या दारात आल्या. मोबाइल त्यांच्या हातातच होता आणि रंगही दिसत होता. तरी त्यांनी विचारलं, "भाऊ, आज कोनता रंग?"

"लाल हाये, बाई. घरीच राहा."