मूळ टळलं

तेजश्रीच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या आणि घरात थालीपिठं चालली होती. हॉस्पिटलात काय मिळेल न मिळेल, म्हणून कुमुदताई डबा भरत होत्या. सून मोबाइलवर दोन कळांमधलं अंतर मोजत होती आणि मुलगा बॅगेत चार्जर कोंबत होता. दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका सोसायटीच्या नवव्या मजल्यावरची ही साधी, आनंदाची सकाळ होती.

"सात मिनिटांवर आल्यात. निघू या का?" तेजश्रीने विचारलं.

"बिल्कुल. गाडी काढतो," यतीन म्हणाला. "रिलॅक्स, यार. सगळं प्रोसेसप्रमाणे होणार."

यतीनचा प्रोसेसवर फार विश्वास. मानेसरला मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात तो क्वालिटी मॅनेजर होता. "आमच्याकडे साधा कामगारसुद्धा लाइन थांबवू शकतो. लाल दिवा लागला की आधी थांबायचं, मग कारण शोधायचं," हे त्याचं वाक्य इथल्या मराठी मंडळातल्या प्रत्येकाने एकदा तरी ऐकलं होतं.

डब्याला झाकण लावताना कुमुदताईंची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली आणि चेहरा उतरला.

"अगं बाई! आज मूळ नक्षत्र आहे."

मुळावर जन्मलेलं मूल बापाच्या जिवावर उठतं, असं त्यांनी नुसतं ऐकलेलं नव्हतं, घरात पाहिलेलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ अशोक मुळावरचा. तो आठ महिन्यांचा असताना वडील गेले. बापाला खाल्लं म्हणून त्या पोराला नातेवाइकांनी जन्मभर हिणवलं. वडील विषमज्वराने गेले होते, पण विषमज्वराला कधी कोणी नावं ठेवली नाहीत. जी रूढी भावाचं आयुष्य नासवून गेली, तिची भीती कुमुदताईंनी मात्र दागिन्यासारखी जपून ठेवली होती. त्यांनी ताबडतोब नाशिकच्या गुरुजींना फोन लावला. मूळ दुपारी तीन सत्तेचाळीसला संपत होतं.

"तोवर होऊ देऊ नका, एवढंच," गुरुजी म्हणाले. जसं काही ते कुकरची शिट्टी काढण्याइतकं सोपं होतं!

घराजवळच्या त्या खासगी हॉस्पिटलात सिस्टर बबीता होती. मूळची रोहतकची, हाताला चपळ, बोलायला रोखठोक. तिने पलंगापाशी एक छापील तक्ता अडकवला.

"हर आधे घंटे में ये भरूँगी," ती तेजश्रीला म्हणाली. "ये बच्चे की धड़कन, ये बच्चेदानी का मुँह कितना खुला. और ये तिरछी लकीर देख रही हो? इसके पार गए, तो समझो बच्चा मदद माँग रहा है."

तेजश्रीला तो तक्ता आवडला. गुडगावच्या ऑफिसात तिचा दिवस असल्याच आलेखांमध्ये जायचा. अकरा वाजेपर्यंत ठिपके बरे पडले, मग एकाच पातळीवर अडून बसले. दोनच्या सुमारास पाणी गेलं. ते हिरवट होतं, बाळाने आतच शी केली होती. बबीताने पोटावर पट्टा बांधून मशीन लावलं. बाळाच्या हृदयाचे ठोके खोलीभर ऐकू येऊ लागले, शेजारच्या घरात शिवणयंत्र चालावं तसे. तेजश्री ते ऐकत पडून राहिली. त्या आवाजाने तिला धीर येत होता.

तीन वाजता डॉ. क्षिप्रा माथुर आल्या. त्यांनी तक्ता पाहिला, मशीनमधून निघालेली कागदाची पट्टी हातात घेतली.

"चार घंटे से मुँह आगे नहीं खुला. और हर दर्द के बाद धड़कन गिर रही है. ऑपरेशन करना होगा, अभी."

"अभी मतलब?" यतीनने विचारलं. "पावणेचार... पौने चार के बाद नहीं चलेगा?"

"पौने चार ही क्यों?"

यतीन खाली पाहू लागला. एवढ्या शिकलेल्या माणसाला 'मूळ' हा शब्द डॉक्टरांसमोर उच्चारायची लाज वाटत होती, पाळायची नव्हती. "घर में कुछ मानते हैं," तो पुटपुटला.

डॉक्टर त्याला वळसा घालून तेजश्रीपाशी गेल्या. "तुम बोलो. शरीर तुम्हारा है, साइन भी तुम्हारा चाहिए, किसी और का नहीं."

ज्या बाईच्या एका होकाराने ऑफिसात चाळीस माणसांच्या नेमणुका होत, तिने कळ सोसत नवऱ्याकडे पाहिलं. सासूबाई दाराशी हात जोडून उभ्या होत्या. त्या जोडलेल्या हातांपुढे तिचा धीर सुटला.

"ये जो कहेंगे," ती म्हणाली.

डॉक्टरांनी ते उत्तर, वेळेसकट, तक्त्यावर लिहिलं. "दहा मिनटं देते, त्याहून एक जास्त नाही," असं हिंदीत बजावून त्या ऑपरेशनची तयारी करायला सांगायला गेल्या. तेवढ्यात शेजारच्या खोलीतल्या बाईचं बाळंतपण अडल्याची हाक आली आणि डॉक्टरही तिकडेच अडकल्या. जाता जाता बबीता यतीनला म्हणाली, "भैया, ये आवाज सुनते रहना. जरा भी धीमी पड़े, तो मुझे चिल्लाकर बुलाना."

यतीनने मान डोलावली. कुमुदताईंनी व्हिडिओ कॉल लावला होता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते त्या मोबाइलच्या पडद्यावर दिसत होतं. नाशिकला गुरुजी पंचांग उघडून बसले होते आणि दिल्लीत एक जीव अडकला होता.

"हॅलो? काय म्हणालात, गुरुजी? यतीन, काही ऐकू येत नाही रे. ते मशीन जरा..."

यतीनने हात लांब करून मशीनचं बटण फिरवलं. शिवणयंत्र थांबल्यासारखं झालं.

"यतीन, आवाज का कमी केलास?" तेजश्रीने विचारलं.

"दोन मिनटं, तेजू. फक्त दोन मिनटं."

त्याची दोन मिनिटं सोळा मिनिटं चालली. मूळ, त्याचे चरण, शांत करावी लागेल का, केली तर कुठे, सगळं सविस्तर बोलणं झालं. मशीनवर लाल दिवा लुकलुकत होता. लाल दिव्यासाठी लाखो रुपयांची लाइन थांबवणारा माणूस त्याच्याकडे पाठ करून उभा होता.

बबीता धावत परत आली आणि दारातच किंचाळली, "साठ! धड़कन साठ पे है! आवाज किसने बंद की?"

मग कोणी कोणाला विचारलं नाही. पलंग ढकलत नेतानाच तेजश्रीने कागदावर स्वतः सही केली. जे तीन वाजता करता आलं असतं, ते तिने तीन सव्वीसला केलं.

बाळ जन्मलं, तेव्हा तीन एक्कावन्न झाले होते. बाहेर कुमुदताई घड्याळाकडेच पाहत बसल्या होत्या. त्यांना आनंदाने रडू कोसळलं. "मूळ टळलं, गुरुजी! चार मिनिटांनी टळलं!" त्या फोनवर म्हणाल्या. आत मुलगी रडली नव्हती. तिला श्वास घ्यायला लावायलाच अकरा मिनिटं लागली.

तेवीस दिवस ती काचेच्या पेटीत होती. प्राणवायूवाचून मेंदूला इजा झाली, असं डॉक्टरांनी सांगितलं. पाचव्या महिन्यातही तिला मान धरता येत नव्हती, गिळता येत नव्हतं. दिवसातून तीन-चारदा झटके यायचे. तेजश्री नोकरी सोडून घरी बसली आणि नाकातल्या नळीतून लेकीला दूध पाजायला शिकली.

अशाच एका सकाळी नाशिकहून कुरिअरने बाळाची पत्रिका आली. कुमुदताईंनी चष्मा लावून ती मोठ्याने वाचली. "अत्यंत शुभ योग. वाणी मधुर, बुद्धी तल्लख, पित्याचा भाग्योदय." वाचता वाचता त्यांचा आवाज चिरकला. तरी त्यांनी पत्रिका देवापुढे ठेवली.

त्याच सकाळी यतीनने एक छापील तक्रार तेजश्रीपुढे धरली. सफाईदार इंग्रजीत बारा मुद्दे होते. सिस्टर बबीता जागेवर नव्हती, तिने मशीनकडे दुर्लक्ष केलं, म्हणून हे झालं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. हॉस्पिटलने बबीताला आधीच घरी बसवलं होतं आणि पुढच्या सोमवारी चौकशी होती.

"बाळाच्या आईचं स्टेटमेंट लागतं. तू फक्त एवढंच बोल," यतीन म्हणाला.

"आणि बटण कोणी फिरवलं, ते?"

"तेजू, प्लीज. त्याने आता काय बदलणार आहे? आपल्या मुलीसाठी तरी..."

"मुलीसाठीच म्हणतेय."

"घरातलं बाहेर काढू नकोस गं," कुमुदताई देवापाशीच बसून म्हणाल्या. "मी वाईट चिंतलं होतं का?"

"नाही, आई. तुम्ही सगळं चांगलंच चिंतलंत. तेच तर झालंय हिला."

सोमवारी चौकशीच्या खोलीत लांब टेबलापाशी तिघेजण बसले होते. एका कोपऱ्यात बबीता मान खाली घालून उभी होती. तेजश्री मुलीला खांद्यावर घेऊन आली. तिने तक्रारीचा कागद उघडलाच नाही.

"आवाज मेरे पति ने बंद की थी," ती म्हणाली, "पंडितजी का फोन सुनने के लिए. सिस्टर ने हमें सुनते रहने को कहा था. डॉक्टर ने तीन बजे मुझसे पूछा था. मुझे सिर्फ हाँ कहना था. मैंने नहीं कहा."

टेबलामागच्या बाईंनी पेन थांबवलं. "आप समझ रही हैं? ये लिख दिया, तो आपकी शिकायत खत्म."

"लिखिए. मेरा नाम भी लिखिए."

यतीन उठून बाहेर गेला. बबीताने पदर नसलेल्या गणवेशाच्या बाहीनेच डोळे पुसले. तेजश्रीला हलकं वाटेल असं कोणाला वाटलं असेल, तर तसं काही झालं नाही. खांद्यावरच्या मुलीला तेवढ्यात झटका आला, आणि तो ओसरेपर्यंत ती दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिली.

त्याच बाकावर दिवस भरत आलेली एक मुलगी सासूबरोबर बसली होती. हातात फाइल आणि फाइलवर चिकटवलेली एक चिठ्ठी. तारीख, वेळ, मिनिटासकट. सिझेरियन त्याच मिनिटाला व्हावं, असं डॉक्टरांना सांगायला दोघी आल्या होत्या. त्या मुलीची नजर बाळाच्या नाकातल्या नळीवर खिळली.

"क्या हुआ इसे, दीदी?"

तेजश्रीने तिच्या फाइलवरची चिठ्ठी वाचली. मग ती सरकून जवळ बसली आणि लेकीला मांडीवर अशी घेतली, की तिचा चेहरा नीट दिसावा.

"इसका भी समय निकाला था," ती सांगू लागली. "तीन बजके सैंतालीस मिनट..."

"रहने दो, बेटा," सासू घाईने सुनेचा हात धरून उठत म्हणाली. "ऐसी हालत में ये बातें नहीं सुनते. अशुभ होता है."

तेजश्रीने सुनेचा दुसरा हात धरला.

"हाँ आंटी, अशुभ ही है. इसलिए पूरा सुनके जाइए."